रणात पडलेल्या तरुणाचे स्मरण

शास्त्रभाग : २ शमुवेल १:११-२७ आणि ९:१-१३



डिसेंबर महिना लागला म्हणजे आपल्या मंडळ्यांत ख्रिस्तजयंतीच्या तयारीस आरंभ होतो. परंतु ह्याच महिन्यात आपल्या देशात आणखी दोन दिवस पाळले जातात. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, आणि १६ डिसेंबर हा विजय दिन. १९७१ साली ह्याच १६ तारखेस ढाका येथे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. त्या दिवशी शाळांतून भाषणे होतात, स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या घरचा मुलगा परत आला नाही, त्या घरी हा दिवस निराळ्या रीतीने उगवतो. आपल्या खेड्यापाड्यांत अशी घरे आहेत. भिंतीवर गणवेशातील एक छायाचित्र, त्यावर एक हार, आणि त्याखाली बसलेली एक म्हातारी आई. अशा घराच्या उंबऱ्यात ख्रिस्ती माणसाने काय बोलावे, आणि रणात पडलेल्या तरुणाचे स्मरण कोणत्या रीतीने करावे, ह्याचा विचार आज आपण पवित्र शास्त्राच्या प्रकाशात करू.

प्रथम एका तरुणाची हकिकत सांगतो. पुण्यातील ह्या नारायण पेठेच्या कडेने मुठा नदी वाहते. तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेने काही कोस गेले म्हणजे खडकवासल्याचे धरण लागते, आणि त्या जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथील संचलनाच्या मैदानास ज्याचे नाव देण्यात आले आहे, तो अरुण खेत्रपाल. त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यातच झाला. वडील सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी होते. घराणे मूळचे सरगोध्याचे, आणि १९४७ च्या फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेले. अरुण १९६७ साली खडकवासल्यास दाखल झाला, आणि पुढील शिक्षण डेहराडून येथे संपवून १३ जून १९७१ रोजी 'पूना हॉर्स' ह्या पलटणीत अधिकारी झाला. ही पलटण १८१७ साली उभी राहिली, आणि पुण्याचे नाव ती आजही धारण करिते. युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा तो अहमदनगर येथे, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, रणगाड्यांचे शिक्षण घेत होता. तेथून तो आपल्या पलटणीकडे गेला. अधिकारी होऊन त्यास पुरते सहा महिनेही झाले नव्हते.

१५ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या सैन्याने शकरगढ भागात बसंतर नदीच्या पलीकडे पाय रोवला. वाटेत सुरुंग पेरलेले होते. ते पुरते काढून होण्यापूर्वीच पूना हॉर्सचे रणगाडे त्या वाटेने पलीकडे गेले, कारण पुढे असलेल्या पायदळास त्यांची गरज होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जरपाल गावाजवळ शत्रूच्या रणगाड्यांनी धुराच्या पडद्याआडून प्रतिहल्ला केला. मदतीची हाक ऐकून अरुण आपले थोडे रणगाडे घेऊन धावला. शत्रूचे रणगाडे एकामागून एक निकामी झाले. मग त्याच्याही रणगाड्यास गोळा लागून आग लागली. बाहेर पडण्याची आज्ञा त्यास झाली. माझी तोफ अजून चालते आहे, यास्तव मी रणगाडा सोडणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने बिनतारी यंत्रावरून दिले, आणि तो जागेवरच राहिला. शत्रूस त्या वाटेने पुढे येता आले नाही. परंतु आणखी एक गोळा लागला आणि अरुण पडला. त्याचे वय २१ वर्षे व २ महिने होते. राष्ट्राने त्यास मरणोत्तर परमवीर चक्र दिले.

ज्या दिवशी ढाक्यास विजय मिळाला, त्याच दिवशी हा मुलगा पडला, ही गोष्ट ध्यानात घ्या. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडील लढाईही थांबली. युद्ध संपले, आता मुलगा येईल, असे कोणत्या आईबापांस वाटणार नाही? परंतु खेत्रपालांच्या घरी मुलाच्या ऐवजी मरणाची वार्ता आली.

आता शास्त्राकडे वळू. गिलबोवा डोंगरावर पलिष्ट्यांनी इस्राएलाचा मोड केला. राजा शौल पडला, आणि त्याचे तिघे पुत्रही पडले. त्यांत योनाथान होता, दावीदाचा जिवलग मित्र. एक अमालेकी तरुण राजाचा मुकुट व बाहुभूषण घेऊन दावीदाकडे धावत आला. त्याने ही आनंदाची बातमी समजून आणिली होती, कारण शौल हा दावीदाचा वैरी. त्याने वर्षानुवर्षे दावीदास डोंगरदऱ्यांतून हाकलून त्याचा जीव घेऊ पाहिला होता. परंतु दावीदाने ह्या प्रसंगी जे केले, त्यांत आपल्याकरिता चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट ही की, दावीद रडला. त्याने आपली वस्त्रे फाडिली, आणि तो व त्याच्याबरोबरची माणसे संध्याकाळपर्यंत उपाशी राहून शोक करीत होती. हे सारे लढवय्ये पुरुष होते. त्यांतल्या कोणी असे म्हटले नाही की, वीराच्या मरणावर रडू नये. आपल्यामध्ये मात्र कधीकधी उलटे दिसते. सांत्वनास गेलेला माणूस आईस म्हणतो, "बाई, रडू नको, तुझा मुलगा अमर झाला." उपदेशकही कधी म्हणतो की, विश्वासणाऱ्याने शोक करणे हे अविश्वासाचे लक्षण होय. बंधूंनो, हे शास्त्राचे शिक्षण नव्हे. प्रभू येशू लाजराच्या कबरेपाशी रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्यास उठविणार हे ठाऊक असूनही रडला. पुढे दावीदाचा पुत्र अबशालोम लढाईत पडला, तेव्हा म्हाताऱ्या बापाने वेशीवरील माडीत जाऊन पुत्राच्या नावाने जो आक्रोश केला, त्याने त्या दिवसाचा विजय सर्व लोकांस शोकासारखा झाला. प्रत्येक विजयाच्या दिवशी कोठेतरी अशी एक माडी असते. १६ डिसेंबर १९७१ रोजीही ती होती, येथेही आणि सीमेपलीकडेही. यास्तव अशा घरी जाल तेव्हा भाषण करू नका. बसा. आई रडेल तर तिला रडू द्या, आणि तुमचे डोळे भरून आले तर ते लपवू नका.

दुसरी गोष्ट ही की, दावीदाने स्मरण शिकविले. त्याने विलापगीत रचिले, आणि ते धनुर्गीत यहूदाच्या लोकांस शिकवावे अशी आज्ञा केली. त्यांत त्याने मेलेल्यांची नावे घेतली. नाव घेऊन स्मरण करणे हे मोठे काम आहे, कारण युद्धात माणसाचा आकडा होतो, आणि आकड्याकरिता कोणी रडत नाही. प्रबोधिनीच्या मैदानास अरुणाचे नाव आहे. परंतु सर्वांचे भाग्य तसे नसते. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे हा शेतकऱ्यांच्या मुलखातला तरुण मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीस गेला. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तो सोडून बाकी सारे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा त्या तोफखड्ड्यावर धावून गेला, त्याने तो घेतला, आणि तेथेच दुसरीकडून गोळ्या लागून तो मरण पावला. त्याचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु त्याची कबर किंवा चिता कोठेही नाही. इटलीतील कसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या कबरेची जागा ठाऊक नाही अशांच्या नावांत, त्याचे नाव कोरलेले आहे. माणगावास त्याचा पुतळा आहे.

ज्यांच्या मुलाचे शरीरही घरी आले नाही, अशा आईबापांस आपण काय सांगावे? हे सांगावे की, ज्याच्या पित्यास आकाशातून पडणारी चिमणीही ठाऊक असते, त्या प्रभूला परक्या देशाच्या मातीत पडलेला तुमचा मुलगा ठाऊक आहे. माणसांनी जागा हरविली; देवाने हरविली नाही. आणि मंडळीस हे सांगावे की, तुमच्या गावातून जो कोणी रणात पडला, मग तो आपल्या मंडळीचा असो किंवा नसो, त्याचे नाव मुलांस शिकवा. अरुण आपल्या मंडळीचा नव्हता, यशवंतही नव्हता. मग आपण त्यांचा शोक का करावा, असे कोणी विचारील. त्यास उत्तर हे की, शोक करण्यापूर्वी दावीदाने कोणाची परीक्षा घेतली नाही. न्याय करणारा एकच आहे, आणि तो आपण नव्हे. ज्यांनी आपल्या गावांची सीमा राखिली, त्यांचे ऋण मानणे हे तर साध्या कृतज्ञतेचे काम आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. दावीदाच्या विलापात द्वेष नाही. ते गीत पुनःपुन्हा वाचून पाहा. ज्या शौलाने त्याच्यावर भाला फेकिला, त्याच्याविषयी त्यांत एकही कडू शब्द नाही. शौल व योनाथान ह्यांस त्याने एकाच प्रीतीने आठविले. मेलेल्याचे स्मरण करिताना जिवंतांविषयीचा द्वेष जागा करणे, हा मनुष्याचा फार जुना स्वभाव आहे. स्मरणाच्या सभेत वीराचे नाव एकदा घेतले जाते, आणि शत्रूस शिव्या दहादा दिल्या जातात. मग मुले घरी जाताना काय घेऊन जातात? वीराचे धैर्य नव्हे, तर शेजाऱ्याविषयीचा राग. आणि तो राग सीमेपर्यंत जात नाही, तो आपल्याच गावातील दुसऱ्या आळीपर्यंत जाऊन थांबतो.

ह्या ठिकाणी अरुणाच्या वडिलांची गोष्ट ऐका. २००१ साली ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल ८१ वर्षांचे होते. मरणापूर्वी आपले जन्मगाव सरगोधा एकदा पाहावे, अशी त्यांस इच्छा झाली, आणि ते पाकिस्तानात गेले. तेथे ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर नावाच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने त्यांचे आतिथ्य केले. घरच्या सर्वांनी त्यांची सेवा केली, त्यांस ताटावर बसविले. निघण्याच्या आदल्या रात्री यजमान त्यांच्यापाशी बसला आणि त्याने एक गोष्ट उघड केली. बसंतरच्या लढाईत समोरच्या बाजूस तो स्वतः होता, आणि ज्या गोळ्याने अरुण मारला गेला, तो त्याच्याच रणगाड्यातून सुटला होता. त्याने अरुणाच्या शौर्याची थोरवी बापास सांगितली.

बंधुभगिनींनो, त्या बापाच्या ठिकाणी स्वतःस ठेवून पाहा. तीस वर्षे ज्या मरणाचे ओझे वाहिले, ते घडविणारा हात समोर आहे. आणि त्याच हाताने दिलेले अन्न आपण खाल्ले आहे. तो बाप त्या घरातून शाप देऊन निघाला नाही. सकाळी दोघांचे एकत्र छायाचित्र घेतले गेले, आणि म्हातारा सैनिक शांतीने स्वदेशी परत आला. यजमानाचेही धैर्य थोडे नव्हे. त्यास गप्प राहता आले असते, आणि पाहुण्यास ते कधीच कळले नसते. एकाने सत्य सांगितले, दुसऱ्याने ते सोसले. ज्यांनी आपला उपदेश ऐकला नव्हता, त्या दोन म्हाताऱ्या सैनिकांनी हे केले. मग ज्यांच्या तोंडी प्रभूची प्रार्थना दररोज आहे, आणि तीत क्षमेची अट दररोज आहे, त्या आपण बांधाच्या एका काठीवरून चुलतभावाशी दोन पिढ्या बोलू नये काय? वैऱ्यावर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा ही डोंगरावरील सुंदर बोलणे म्हणून दिलेली नाही. ती अशाच एखाद्या रात्री पाळावयाची असते.

येथे एक भेद नीट समजून घ्या. युद्ध चांगले, असे आम्ही म्हणत नाही. आणि सैनिकाचे मरण हेच तारण, असेही शास्त्र शिकवीत नाही. आपल्या मित्रांकरिता प्राण देणे ही मनुष्याच्या प्रीतीची सर्वांत उंच पायरी होय, असे प्रभूने योहानाच्या १५ व्या अध्यायात सांगितले आहे. बसंतरच्या काठी ती पायरी दिसली. परंतु प्रभू स्वतः त्याही पलीकडे गेला. रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल सांगतो की, आपण वैरी असताना ख्रिस्त आपल्याकरिता मेला. सैनिक आपल्या मागे असलेल्यांकरिता मरतो. ख्रिस्त आपल्या समोर शस्त्र घेऊन उभे असलेल्यांकरिताही मेला. म्हणून वधस्तंभाखाली उभा राहून जो मेलेल्याचे स्मरण करितो, त्यास केवळ आपल्याच बाजूच्या आईचे रडणे ऐकू येत नाही. पलीकडच्याही आईचे येते.

चौथी गोष्ट ही की, दावीदाचे स्मरण ताटापर्यंत पोहोचले. गीत गाऊन तो थांबला नाही. पुढे राज्य स्थिर झाल्यावर त्याने विचारिले, योनाथानाकरिता ज्याच्यावर मी दया करावी असा शौलाच्या घराण्यात कोणी उरला आहे काय? तेव्हा मफीबोशेथ सापडला. गिलबोवाची वार्ता आली त्या दिवशी दाई त्यास घेऊन पळताना तो पडला, आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. रणात बाप मरतो, आणि घरी लेकराचे पाय मोडतात. युद्धाची जखम अशी लांबवर जाते. दावीदाने त्यास त्याच्या आजोबाची जमीन परत दिली, आणि तो राजाच्या पंक्तीस नित्य जेवू लागला.

आता आपल्या गावाकडे पाहा. वीराचे शव येते त्या दिवशी सारा तालुका लोटतो. सहा महिन्यांनी त्या घरी कोण जाते? तरुण विधवेस निवृत्तिवेतनाचे कागद वाचता येत नाहीत, आणि कोणी जवळचाच नातलग तिचा अंगठा उमटवून घेतो. आलेली रक्कम कोणाच्या नावे राहावी ह्यावरून सासर व माहेर भांडतात. तिने पुन्हा लग्न करावे की नाही हे तिला न विचारता ठरते. आणि लेकरू ह्या दारातून त्या दारात फिरते. उपदेशक बंधूंनो आणि बायबलबायांनो, तुम्हांस वाचता येते, हे देवाचे देणे आहे. ते येथे खर्च करा. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा ह्यांच्या कामाकरिताच ते आहे. तिच्या घरचे माणूस बरोबर घेऊन तिला तेथे न्या. कागद मोठ्याने वाचून तिला समजावून सांगा, आणि समजल्यावाचून तिला सही करू देऊ नका. तिचे खाते तिच्या नावे असावे. लेकराची शाळा सुटू नये. ध्वजदिनी मंडळीने दान गोळा करावे, ते थोडे असले तरी चालेल. आणि ख्रिस्तजयंतीच्या दिवशी त्या घरचे एक ताट आपल्या पंक्तीस मांडावे. दावीदाने विलापगीत रचिले हे एका दिवसाचे काम झाले; मफीबोशेथ मात्र त्याच्या घरी नित्य जेवला. ह्या दोहोंवाचून स्मरण पुरे होत नाही.

प्रियांनो, आपणही दर प्रभुभोजनाच्या वेळी एका तरुणाच्या मरणाचे स्मरण करितो. तो वैऱ्यांच्या हाती मेला, त्याची आई जवळ उभी राहून पाहत होती, आणि त्याने मरताना मारणाऱ्यांकरिता क्षमा मागितली, व आईस एका शिष्याच्या घरी सोपविले. पाहा, त्या एका घटकेत आपल्या चारही गोष्टी आहेत : आईचे अश्रू, विसरले न जाणारे नाव, वैऱ्यांस क्षमा, आणि मागे राहिलेल्यांची काळजी. त्या भाकरीचा तुकडा ज्याने हातात घेतला, त्यास रणात पडलेल्याचे स्मरण कसे करावे हे निराळे शिकविण्याची गरज नसावी.

आपण प्रार्थना करू. हे शांतीच्या अधिपती, जी मुले घरी परत आली नाहीत त्यांस तू ओळखतोस. त्यांच्या आईबापांस धीर दे, त्यांच्या विधवांस न्याय दे, त्यांच्या लेकरांस तुझ्या लोकांच्या पंक्तीस जागा दे. आमच्या स्मरणातून द्वेष काढून टाक. सीमेच्या अलीकडे व पलीकडे जी जी माडी रडते, तिच्यापाशी तू स्वतः जा. आणि जेव्हा माणसे पुन्हा युद्ध शिकणार नाहीत, ते तुझे राज्य लवकर येवो. आमेन.

नारायण पेठ, पुणे